साथीच्या दिवसांत पन्हाळा आणि मसाई पठार: मोकळ्या हवेचा एक दिवस कसा आखावा

साथ चालू असताना विसाव्यासाठी बाहेर पडायचं असेल, तर ठिकाणाआधी वार आणि वेळ ठरवा. कोल्हापूरजवळचा पन्हाळा तोच असला तरी बुधवारी सकाळी सातचा वेगळा आणि रविवारी अकराचा वेगळा. रविवार याच वाटेवरच्या जोतिबाचा वार, त्यामुळे केर्ली-वाघबीळपासूनच गाड्या तुंबतात. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेच्या आसपास तर त्या रस्त्याचं नावही काढू नका. नृसिंहवाडीला जायचं असेल तर गुरुवार आणि पौर्णिमा टाळा. कोल्हापूर शहर सोडायचं नसेल त्यांनी रंकाळा तलाव पहाटे गाठावा. संध्याकाळी चौपाटीवर भेळेच्या गाड्यांभोवती खांद्याला खांदा लागतो, तिथं पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याचा उपयोग नाही.

प्लेगच्या काळात घरात उंदीर मरू लागले की लोक गाव सोडून रानात खोपी बांधायचे. तो रोग उंदरांवरच्या पिसवांचा होता. श्वासातून पसरणाऱ्या साथीत मात्र नुसतं रानात जाऊन भागत नाही, कारण बंद खोली आपल्याबरोबरच येते: गाडीत, हॉटेलच्या हॉलमध्ये, मुक्कामाच्या रूममध्ये. उघड्या पठारावर संसर्गाचा धोका फार कमी असतो. दिवसभरातला खरा धोका या तीन जागी.

घरात कुणाला ताप किंवा खोकला असेल, तर बेत सरळ रद्द करा. लक्षणं असताना घरगुती चाचणी एकदा निगेटिव्ह आली म्हणून निघू नका, ४८ तासांनी पुन्हा करा. वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसं जास्त आणि दवाखाना लांब. २०२० मध्ये कित्येक गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकले होते, ते उगाच नव्हे.

शक्यतो एकाच घरातली माणसं एका गाडीत बसा. बाहेरची माणसं बरोबर असतील तर सगळ्यांनी एन-९५ मास्क लावा आणि तिरक्या समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा, म्हणजे पुढची उजवी आणि मागची डावी. चार बोटं काच खाली असली तरी हवा खेळते. एसी लावायचाच असेल तर आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करा. हिवाळ्यात ऊसतोडीच्या हंगामात पाचट पेटवलेली असते, गुऱ्हाळंही चालू असतात. छाती नाजूक असेल तर धुराच्या टापूत तेवढ्यापुरत्या काचा वर घ्या, मास्क मात्र काढू नका.

नुकत्याच आजारातून उठलेल्या माणसानं थेट पन्हाळ्याजवळचं मसाई पठार गाठू नये. आधी पन्हाळा. गाडी वरपर्यंत जाते, सपाट रस्ते आहेत, सावली आहे. तबक उद्यानाच्या बाजूला १० मिनिटं चाला, २० मिनिटं बसा, मग पुन्हा १० मिनिटं. चालताना एक अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. मधेच धाप लागली तर वेग जास्त झाला. सज्जा कोठीकडे किंवा तीन दरवाजाकडे जाताना पायऱ्या आणि उतार आहेत. उतरणं सोपं वाटतं, दम परतताना निघतो.

बोटावर लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर बरोबर ठेवा, पण नीट वापरा. पाच मिनिटं बसा, हात चोळून गरम करा, बोटावर नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. गडावरच्या गार वाऱ्यात बोटं थंड पडली की आकडा खोटाच कमी दिसतो आणि माणसं घाबरतात. उलट चूकही होते: खरोखर कमी आकडा आला तरी ‘उंचावर हवा विरळ असते’ म्हणून सोडून देतात. पन्हाळ्याची उंची हजार मीटरांच्या आतच. एवढ्या उंचीनं निरोगी माणसाचा आकडा फारसा उतरत नाही. गरम बोटावर दोनदा मोजून ९४ च्या खाली आला तर डॉक्टरांना फोन करा. ९२ किंवा त्याखाली असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सरळ दवाखाना.

अंगात ताकद असेल तर मसाई पठार घ्या. विस्तीर्ण सपाट माळ, लांबवर जाणारी नजर आणि माणसांची तुरळक ये-जा. विसाव्याला याहून चांगली जागा जवळपास सापडणं कठीण. पण सावली जवळजवळ नाही. उन्हाळ्यात नऊच्या आत माघारी फिरा, माणशी दोन लिटर पाणी न्या. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि धुक्यात वाट चटकन हरवते, तेव्हा एकट्यानं जाऊ नका. गवा-अस्वलाच्या राधानगरी-दाजीपूरकडे जायचा विचार असेल तर पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं, हे लक्षात ठेवा.

जेवताना मास्क उतरतो, म्हणून तीच वेळ जपायची. पन्हाळ्यावर झुणका-भाकर, दही, ठेचा मिळतो. तो बांधून घ्या आणि झाडाखाली, दुसऱ्या टोळक्यापासून लांब बसून खा. तांबड्या-पांढऱ्या रश्शासाठी भरलेल्या खानावळीत तासभर बसणं साथ ओसरेपर्यंत राहू द्या.

मुक्काम करणार असाल तर समोरासमोर खिडक्या असलेली खोली मागा. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. वाफेची खोली आणि सॉना साथीत टाळलेलेच बरे. जागा बंद, त्यात ओला झालेला मास्क नीट काम करत नाही. मालिश हवीच असेल तर खिडकी उघडी, दोघांना मास्क आणि वेळ अर्ध्या तासाच्या आत.

घरी परतल्यावर दोन दिवस मोकळे ठेवा. विषाणूच्या आजारानंतरचा थकवा बऱ्याचदा त्याच दिवशी न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. तसा आला तर पुढच्या खेपेला चालणं निम्मं करा. नाही आला तर पाच मिनिटं वाढवा.