फ्रान्सच्या प्रवासात तिथले जेवण कसे शोधावे

फ्रान्समध्ये चांगले जेवायचे असेल, तर एखाद्या महागड्या उपाहारगृहात महिनाभर आधी टेबल राखून ठेवण्यापेक्षा किती वाजले आहेत आणि आपण कोणत्या प्रांतात आहोत, याकडे लक्ष देणे अधिक उपयोगी ठरते.

दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन या वेळातच मिळते. लहान गावात अडीचला पोहोचलात, तर स्वयंपाकघर बंद झालेले असते आणि संध्याकाळी सातपर्यंत ते सहसा उघडत नाही. म्हणून मुख्य जेवण दुपारीच करावे. दाराशी ठेवलेल्या फळ्यावर खडूने लिहिलेला त्या दिवसाचा पदार्थ, म्हणजे 'प्ला द्यू झूर', मागवावा. तो बहुधा ताजा रांधलेला असतो आणि दुपारचे ठरावीक जेवण रात्रीच्या मानाने बरेच स्वस्त पडते. पाण्याची बाटली न घेता 'काराफ दो' मागितले की नळाचे पाणी मोफत मिळते, आणि सेवाशुल्क किमतीतच धरलेले असल्यामुळे बक्षिशी देण्याचे बंधन नसते.

पदार्थ निवडताना प्रांत पाहावा. ब्रिटनी प्रांतात बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाचे गालेत म्हणजे पातळ धिरडे, नीसमध्ये हरभऱ्याच्या पिठाची, धिरड्यासारखीच सोका, कास्तेलनोदारीत पांढरे घेवडे आणि मांस तासन्‌तास शिजवून केलेले कासुले खावे. मार्सेयच्या बुयाबेस या माशांच्या पदार्थात रस्सा आणि मासे वेगवेगळे वाढले जातात आणि चांगल्या ठिकाणी ते आगाऊ सांगून ठेवावे लागते. इतर शहरांत त्या नावाखाली मिळणाऱ्या माशांच्या सूपवरून त्याची परीक्षा करू नये.

मला स्वतःला मात्र उपाहारगृहांपेक्षा बेकरी आणि चीजचे दुकान यांतूनच हा देश अधिक कळतो. आत शिरताच 'बाँझूर', म्हणजे नमस्कार, म्हणावे. तसे न म्हणता थेट मागणी करणे तिथे उद्धटपणाचे मानतात. बेकरीत साध्या 'बागेत' या लांबट पावाऐवजी 'त्रादिस्याँ', म्हणजे पारंपरिक पद्धतीचा पाव, मागावा. 1993 च्या सरकारी आदेशानुसार त्याच्या पिठात कोणतेही कृत्रिम मिश्रण घालता येत नाही आणि ते गोठवताही येत नाही. खरपूस हवा असल्यास 'बियँ क्वीत' म्हणावे. मोडल्यावर आतला गर शुभ्र नव्हे तर सायीच्या रंगाचा दिसावा आणि त्यातली भोके लहानमोठी असावीत. चीजच्या दुकानात गर्दी नसेल तेव्हा जाऊन चव मागावी, विक्रेते आनंदाने पातळ काप देतात. ज्यूराच्या डोंगराळ भागातले कॉम्ते हे चीज बारा महिने आणि चोवीस महिने मुरवलेले असे दोन्ही शेजारी ठेवून चाखावे. पहिल्यात दुधाचा गोडवा असतो, दुसऱ्यात खमंग कवचफळांची चव येते आणि दाताखाली बारीक कण कुरकुरतात. एवढ्या एका चवीत मुरण्याचा अर्थ जितका उलगडतो, तितका कोणत्याही वर्णनाने उलगडणार नाही.

शाकाहारी प्रवाशाने नावांवर विसंबू नये. कीश लोरेन या अंडी-सायीच्या खाऱ्या टार्टमध्ये डुकराचे मांस असते, कांद्याच्या सूपचा आधार बहुधा गोमांसाचा रस्सा असतो, आणि कॉम्ते, रोकफोर यांसारख्या पारंपरिक चीजसाठी प्राणिज रेनेट, म्हणजे जनावरांच्या जठरातून मिळणारे दूध साकळवणारे द्रव्य, वापरले जाते. अंडे चालत असल्यास ब्रिटनीतले अंडे-चीजचे गालेत हा सोपा पर्याय आहे, आणि सोका तर पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल व मीठ एवढ्यावरच होते. उघड्यावरचे बाजार सकाळीच भरतात व दुपारी एकच्या सुमारास आवरले जातात. रविवारी आणि सोमवारी अनेक उपाहारगृहे बंद असल्याने या दोन दिवसांची सोय शनिवारीच करून ठेवावी.