इंडी गेमचा डेमो कसा खेळावा: निवडण्यापासून निर्मात्याला कळवण्यापर्यंत

ऑक्टोबरमधल्या एका सोमवारी रात्री साडेदहाला स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, ‘नेक्स्ट फेस्ट’ हा डेमोंचा महोत्सव सुरू झाला आणि मी तासाभरात 22 डेमो, म्हणजे येऊ घातलेल्या गेमचे फुकट खेळून बघायचे तुकडे, डाउनलोडला लावले. आठवडा संपला तेव्हा त्यांतले 2 शेवटपर्यंत खेळून झाले होते, 5-6 अर्धवट सुटले होते आणि बाकीचे उघडलेही नव्हते. पण त्या दोनांपैकी एका डेमोत शिडीवरून उतरताना पात्र भिंतीत अडकत होतं, ते मी निर्मात्यांना लिहून कळवलं. काही आठवड्यांनी डेमोचा अपडेट आला आणि बदलांच्या यादीत शिडीची अडचण दूर केल्याची एक ओळ होती. तेव्हापासून मी थोडे डेमो निवडतो, नीट खेळतो आणि जे जाणवलं ते बनवणाऱ्याला सांगतो. गेम विक्रीला आला की आपण गिऱ्हाईक असतो. डेमोच्या वेळी गेम अजून घडत असतो, आणि आपल्या चार ओळींनी त्यात खरोखर फरक पडू शकतो.

इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय, एकट्याने किंवा लहानशा चमूने बनवलेले गेम. त्यांच्याकडे जाहिरातीला पैसा नसतो, खेळून बघणारी माणसं पगारावर ठेवायलाही नसतो. ही दोन्ही कामं त्यांचा डेमो करतो.

आधी तारीख गाठा

नेक्स्ट फेस्ट वर्षातून 3 वेळा भरतो: फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने डिसेंबर 2019 मध्ये अशा डेमोमहोत्सवाला सुरुवात केली आणि 2021 पासून त्याला सध्याचं नाव आहे. सोमवारी सुरू होऊन तो पुढच्या सोमवारी संपतो. वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची, सकाळी 10 ची. आपल्याकडे तेव्हा जून-ऑक्टोबरमध्ये रात्रीचे साडेदहा आणि फेब्रुवारीत साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे पहिल्या रात्री फक्त पानं चाळायची आणि डेमो डाउनलोडला लावून झोपायचं.

एका गेमला या फेस्टमध्ये एकदाच भाग घेता येतो. त्यामुळे निर्माते ही संधी जपून वापरतात आणि बरेचसे गेम प्रकाशनाच्या जवळ आल्यावरच इथे येतात. फेस्ट संपल्यावर काहीजण डेमो काढून घेतात, म्हणून आवडलेला डेमो ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून ठेवू नका. तरी डेमोसाठी फेस्टचीच वाट पाहायला हवी असंही नाही. वर्षभर नवे डेमो येत असतात आणि स्टोअरमध्ये डेमोंची वेगळी यादी मिळते.

खातं, मशीन, जागा

स्टीमचं खातं फुकट उघडतं आणि डेमोला पैसे लागत नाहीत. खातं उघडल्याबरोबर फोनवर स्टीमचं ॲप घेऊन ‘स्टीम गार्ड’ (खातं उघडताना फोनवरून दुसरी खात्री करून घेणारी सोय) चालू करा. त्याचं कारण पुढे येईल. आणखी एक गोष्ट माहीत असावी. ज्या खात्यावर एकूण 5 डॉलर खर्च झालेले नाहीत ते ‘मर्यादित’ खातं मानलं जातं आणि त्यावर कम्युनिटीतल्या काही सोयी बंद असतात. खेळण्यात त्याने काही अडत नाही.

गेमच्या पानावर खाली मशीनची गरज दिलेली असते. त्यातला ‘मिनिमम’ रकाना वाचूनच डाउनलोडचं बटण दाबा. इंडी म्हणजे हलका गेम, असा अनेकांचा समज असतो. पिक्सेल आर्टचे, पत्त्यांचे, कोड्यांचे गेम 8 जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर सहसा चालतात. पण दोघांनी मिळून बनवलेला थ्रीडी भयपटासारखा गेम त्याच लॅपटॉपला घाम फोडू शकतो, कारण मशीनवरचा भार कमी करण्याचं काम बहुतेक चमू अगदी शेवटी हाती घेतात. घरात एकच वायफाय आणि त्यावर सगळ्यांचं काम चालू असेल तर स्टीमच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोडचा वेग बांधून ठेवता येतो.

निवड: इथे घाई करू नका

अलीकडे एकेका फेस्टमध्ये 2,000 हून अधिक डेमो असतात. पहिल्याच पडद्यावर ‘सर्वाधिक खेळले जाणारे’ आणि ‘सर्वाधिक विशलिस्ट केलेले’ (लोकांनी ‘पुढे घ्यायचंय’ म्हणून स्वतःच्या यादीत टाकलेले) अशा याद्या दिसतात. तिथून सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथेच थांबलात तर जे आधीच गाजलंय तेवढंच हाती लागेल. मी थेट टॅगवर, म्हणजे गेमच्या प्रकाराच्या लेबलवर, जातो. तुम्हाला जे खरंच आवडतं त्याचा टॅग घ्या, शेती, कोडी, डेकबिल्डर (पत्त्यांचा संच जमवत खेळायचा), डिटेक्टिव्ह, काहीही, आणि त्या यादीत खाली खाली जा. दोन-तीन पानं उलटल्यावर असे गेम भेटू लागतात ज्यांच्याबद्दल कोणी बोललेलं नसतं.

ट्रेलर पाहताना चित्रांपेक्षा हातांकडे लक्ष द्या, म्हणजे खेळाडू नेमकं काय करतोय याकडे. दीड मिनिटाच्या ट्रेलरमध्ये तेच कळलं नाही, तर मी तो डेमो सोडतो. हा निकष थोडा कठोर आहे, पण 2,000 मधून 6 निवडायचे तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. सहाच का? रोज रात्री एक तास धरला तर आठवड्यात तेवढेच मनापासून खेळून होतात.

आपल्या जवळच्या स्टुडिओंकडेही लक्ष असू द्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ 2020 मध्ये आला, तोवर इथल्या चमूकडून असा गेम येईल असं अनेकांना वाटलं नव्हतं. स्टीमवर निर्मात्याच्या पानावर ‘फॉलो’ दाबलं की त्यांच्या पुढच्या कामाची खबर मिळत राहते.

निवडताना शब्दांची गल्लत होते, तीही टाळा. ‘डेमो’ म्हणजे गेमचा तयार, ठरावीक तुकडा. ‘प्लेटेस्ट’साठी पानावरून प्रवेश मागावा लागतो आणि तो द्यायचा की नाही हे निर्माता ठरवतो, तिथे गेम जास्त कच्चा असतो. ‘प्रोलॉग’ हा स्वतंत्र फुकट गेम म्हणून टाकलेला सुरुवातीचा भाग. आणि ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणजे अपुरा असताना विकत घ्यायचा गेम. त्याला पैसे पडतात.

लॅपटॉप फारच जुना असेल तर

इच.आयओ ही साइट 2013 पासून आहे आणि तिथले शेकडो गेम ब्राउझरमध्येच चालतात, काही डाउनलोड करावं लागत नाही. अनेक डेमोंखाली निर्मात्याने ‘वाटेल तेवढे पैसे द्या’ असा रकाना ठेवलेला असतो, त्यात शून्यही चालतं. ‘सेलेस्ट’ हा 2018 चा नावाजलेला गेम. त्याचं मूळ रूप, गेम जॅममध्ये (ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमात) 4 दिवसांत बनवलेलं, आजही तिथे खेळता येतं. ‘व्हँपायर सर्व्हायव्हर्स’सुद्धा 2021 मध्ये आधी इथेच आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी स्टीमवर गेला. कच्च्या कल्पनेतून पुरा गेम कसा उभा राहतो हे पाहायचं असेल तर ‘सेलेस्ट’ची दोन्ही रूपं पाठोपाठ खेळून बघा.

फाइल कुठून घेता ते बघा

डेमो नेहमी स्टोअरच्या स्वतःच्या बटणावरूनच घ्या. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘पायरेटफाय’ नावाचा फुकट गेम मालवेअर, म्हणजे संगणकाला घातक प्रोग्रॅम, निघाला, तेव्हा व्हॉल्व्हने तो काढून टाकला आणि खेळलेल्यांना सावध केलं. पुढच्याच महिन्यात ‘स्नायपर: फँटम्स रिझोल्यूशन’ या गेमचा डेमो बाहेरच्या साइटवरून घ्यायला सांगितला जात होता, ती फाइलही घातक निघाली आणि पान हटवलं गेलं. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर कोणी अनोळखी ‘माझा गेम जरा खेळून बघ’ म्हणत झिप फाइल पाठवत असेल तर ती उघडू नका, निरोप मित्राच्या खात्यावरून आला असला तरी. चोरलेल्या खात्यांवरूनच हे निरोप फिरतात, आणि स्टीम गार्ड लावायला सांगितलं ते यासाठीच.

आता खेळा, वही जवळ ठेवून

सुरू केल्यावर आधी सेटिंग्ज उघडा. आवाज, सबटायटल, अक्षरांचा आकार, कंट्रोलर चालतो का, हे दोन मिनिटांत बघून होतं. स्टीमच्या सेटिंग्जमधून कोपऱ्यात एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात त्याचा, आकडा चालू करता येतो. गेम अडखळला तर तो नेमका कुठे अडखळला हे त्यावरून सांगता येतं.

पहिला अर्धा तास कोणाचं काही न ऐकता, न वाचता खेळा. यूट्यूबवर उत्तर शोधू नका. तुम्ही जिथे अडलात तीच जागा निर्मात्याला कळायला हवी असते. त्याने तो भाग शेकडो वेळा खेळलेला असतो, दार कुठे आहे हे त्याला पाठ असतं. नवख्याला ते दार दिसत नाही, ही गोष्ट नवखाच सांगू शकतो. काहीही विचित्र घडलं की एफ12 दाबा, म्हणजे स्क्रीनशॉट साठवला जाईल, आणि वहीत एक-दोन शब्द टिपून ठेवा: ‘दुसरी खोली, चावी मिळाली, दार उघडेना.’

मी तीन गोष्टी हमखास टिपतो. कंटाळा कुठे आला, हसू किंवा धास्ती कुठे वाटली, आणि गेम बंद करावासा कधी वाटला. शेवटची सर्वांत मोलाची. अर्ध्यावर सोडणारा खेळाडू सहसा गुपचूप निघून जातो, त्यामुळे तो का गेला हे निर्मात्याला कधीच कळत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण इथे शीत स्वयंपाक करणाऱ्यानेच वेचून दिलेलं असतं. डेमो हा बहुधा गेमचा सर्वांत घासूनपुसून ठेवलेला अर्धा तास असतो. म्हणून संपल्यावर स्वतःला विचारा: हेच 10 तास करायला आवडेल का? कोड्यांच्या गेममध्ये नवी कल्पना येत राहील असं वाटतंय की पहिल्या तीन कोड्यांतच सगळं दाखवून झालंय? पत्त्यांच्या किंवा रोगलाइक (हरलं की पहिल्यापासून, पण बदललेल्या मांडणीत खेळायच्या) गेममध्ये मी डेमो दोनदा खेळतो. दुसरी खेप पहिलीसारखीच गेली तर मला शंका येते.

कळवायचं कसं

इथे सवडीने बसा. डेमोच्या शेवटी बहुतेक वेळा फॉर्मचा किंवा डिस्कॉर्डचा दुवा असतो. तो नसेल तर गेमच्या स्टीमवरच्या चर्चेच्या पानावर लिहा. जुलै 2024 पासून निर्मात्यांना डेमोसाठी वेगळं पान ठेवता येतं आणि तसं पान असेल तर तिथे डेमोचाच रिव्ह्यू लिहिता येतो. पण बग, म्हणजे गेममधला बिघाड, रिव्ह्यूमध्ये टाकू नका, तो फॉर्ममध्ये किंवा चर्चेत कळवा. रिव्ह्यू इतर खेळाडूंसाठी असतो.

बग कळवताना तीन वाक्यं पुरतात: मी काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सोबत स्क्रीनशॉट आणि मशीनची माहिती जोडा. ती स्टीमच्या ‘हेल्प’ मेनूतल्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मधून जशीच्या तशी उचलता येते. ‘गेम क्रॅश होतो’ एवढ्यावर कोणाला काही करता येत नाही. ‘दुसऱ्या पातळीवर नकाशा उघडा असताना पॉझ दाबलं की गेम बंद पडतो, तीनदा करून पाहिलं’ असं लिहिलंत तर ते वाचून निर्माता त्याच दिवशी कामाला लागू शकतो.

बगपलीकडचं मत लिहिताना उपाय सुचवण्याचा मोह आवरा. ‘उडीचा वेग वाढवा’ असं म्हणण्यापेक्षा ‘तिसऱ्या दरीवर मी 11 वेळा पडलो आणि माझं काय चुकतंय ते कळलं नाही’ हे जास्त उपयोगी पडतं. अडचण उडीत नसून कॅमेऱ्यात असू शकते, आणि ते बनवणाऱ्याला लगेच दिसेल. जे आवडलं तेही तितक्याच नेमकेपणाने लिहा, नाहीतर पुढच्या बदलात नेमकं तेच काढून टाकलं जाईल. साधं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी पुरे. व्याकरणाची धास्ती घेऊन गप्प बसू नका. निर्मात्यांतल्या पुष्कळांचीही ती मातृभाषा नसते.

मग विशलिस्ट आणि आवराआवर

गेम आवडला असेल तर विशलिस्टमध्ये टाका. प्रकाशन झालं की तुम्हाला ईमेल येतो, पुढे 20 टक्के किंवा त्याहून जास्त सूट आली की तेव्हाही येतो. निर्मात्याला त्या आकड्यावरून किती लोक वाट पाहतायत याचा अंदाज येतो, म्हणून न आवडलेला गेम केवळ भिडेखातर त्यात टाकू नका. पुढे विकत घेतलात आणि मन बदललं, तर स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात.

डेमो काढून टाकण्याआधी पानावर एक गोष्ट तपासा: तुमची प्रगती पुऱ्या गेममध्ये पुढे चालू राहणार आहे का. काही निर्माते तशी सोय करतात आणि पानावर तसं लिहितात. लिहिलेलं असेल तर सेव्ह फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, विंडोजमध्ये ती बहुधा ‘ॲपडेटा’ किंवा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये सापडते, आणि मग डेमो अनइन्स्टॉल करा. पुढच्या फेस्टच्या सहा डेमोंना जागा लागणारच आहे.