उद्या सावित्रीबाई, आणि भाड्याची नऊवारी ढगळ

३ जानेवारी आली की आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरी सावित्रीबाई होतात, आणि २ तारखेच्या संध्याकाळी माझ्या दारात प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात. आत भाड्याची शिवलेली नऊवारी. यंदा तशीच एक पिशवी आमच्या सूनबाईंनीही आणली. नात दुसरीत, आणि नऊवारी सहावीतल्या मुलीला होईल अशी. कंबर ढगळ, पायघोळ इतकी की जमिनीवर लोळतेय, ब्लाउजच्या बाह्या कोपराखाली, आणि काष्ट्याची शिवण वीतभर उसवलेली. सूनबाई रडकुंडीला आल्या होत्या. मी म्हटलं, आधी चहा टाका.

तुमच्याकडेही अशी पिशवी आली असेल तर पहिलं काम म्हणजे कात्री लांब ठेवा. ती फक्त दोरा तोडायला. कापड कापलंत की अनामत रक्कम गेलीच समजा. दुसरं, मशीनवर बसू नका. आपण जे जे घालणार ते परवा उसवायचंय, आणि मशीनची बारीक टीप काढताना असलं पातळ चमकतं कापड हमखास फाटतं. हातानं लांब धावदोरा घाला. आत लपणाऱ्या शिवणीला मुद्दाम वेगळ्या रंगाचा दोरा घ्या. आमची नऊवारी जांभळी होती, मी पांढरा दोरा घेतला. उसवताना चाळिशीतूनही लख्ख दिसतो.

माप घेताना मुलीला आत पूर्ण बाह्यांचा बनियन घाला. जानेवारीतली सकाळ, शाळेचं उघडं पटांगण आणि पाहुण्यांची भाषणं. उद्या आई बनियन घालणारच, मग आज उघड्या अंगावर घेतलेलं माप काय कामाचं?

सुरुवात काष्ट्यापासून करा, कारण अब्रू तिथे आहे. शिवलेल्या नऊवारीत दोन पायांच्या मधे चार शिवणी एका ठिकाणी येतात. मूल मांडी घालून बसलं की सगळा ताण त्या एका बिंदूवर. म्हणून नुसती उसवलेली जागा शिवून भागत नाही, रांगेत खाली बसताना ती पुन्हा जाते. दोरा दुहेरी घ्या, उलटी टीप घाला, म्हणजे प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे जाऊन पुढे निघाली पाहिजे. मग आतून जुन्या सुती ब्लाउजपीसचा तळहाताएवढा चौकोन शंकरपाळ्यासारखा तिरका ठेवा, कडा दुमडून चारही बाजूंनी टाचा. तिरका ठेवला की चारही शिवणी त्याच्या पोटात येतात.

कंबरेचं इलॅस्टिक मेलेलंच असतं. नेफा, म्हणजे इलॅस्टिक ओवायची दुमड, मागच्या बाजूला दोन बोटं उसवा, जुनं ओढून काढा, नवं घाला. कंबर भरली बावीस इंच, तर इलॅस्टिक वीस, वर एक इंच जोडाला. एका टोकाला सेफ्टी पिन लावून ओवा आणि दुसरं टोक नेफ्याच्या तोंडाशी पिनेनं अडकवा, नाहीतर तेही आत पळतं. नाडी घालू नका. लहान मुलांच्या नाडीला ऐन वेळी निरगाठ बसते.

आता उंची. इथे जवळजवळ सगळ्या आया खालून दुमडतात. पण खाली काठ आहे ना! नऊवारीची सगळी शोभा काठात, तोच आत गेला तर राहिला पायजमा. चूण, म्हणजे आत दुमडून शिवलेली घडी, वर घ्यायची. दोन इंचांपर्यंत आखूड करायचं असेल तर नेफ्याच्या खालीच घ्या, ब्लाउज आणि पदराखाली झाकते. त्याहून जास्त असेल तर तिथे घेऊ नका, आसन, म्हणजे दोन पायांमधला भाग, वर चढतं आणि पोर पाय फाकून चालते. मग मांडीच्या मध्यावर, आतल्या बाजूला आडवी चूण घ्या. चार इंच आखूड करायचं तर चुणीची खोली दोनच इंच, कारण कापड जाऊन परत येतं. पुढच्या निऱ्या मोकळ्या असतील तर त्यांची चूण वेगळी घ्या. पायाबरोबर एकत्र शिवल्या तर निऱ्या सुटत नाहीत, फुगतात.

ब्लाउजचं काम सोपं. उलटा करून मुलीला घाला, दोन्ही बगलांखाली सारखं चिमटीत धरा, पिना लावा, टाचा. अगदी अंगाबरोबर नको, हात वर गेले पाहिजेत. बाहीलाही काठ असतो, तेव्हा चूण काठाच्या वर, आतून.

पदराची मात्र गंमत आहे. तो कंबरेला शिवलेला असतो. तुम्ही खांद्यावरही पक्का शिवलात तर मुलीला शू लागल्यावर काय करणार? बाईंना सगळं उसवत बसावं लागेल. म्हणून खांद्यावर ब्लाउजला आणि पदराला दोन टिचबटणं लावा. ओढलं की सुटतात, दाबलं की बसतात, आणि सेफ्टी पिनेसारखी टोचत नाहीत. डोक्यावरचा पदर घसरू नये म्हणून त्याच्या कडेला आतून दोन टिकटॅक क्लिपा शिवून टाका. क्लिपेच्या मधल्या फटीतून दोरा आरामात जातो. केसांत अडकवल्या की मुलीनं उड्या मारल्या तरी पदर जागचा हलत नाही.

भाडेवाले सोबत कमरपट्टा, बाजूबंद असं लग्नाचं सामान देतात. ते पिशवीतच राहू द्या. त्याऐवजी उरलेल्या ब्लाउजपीसची एक साधी कापडी पिशवी शिवा आणि तिच्यात एक जुनी साडी घडी करून ठेवा. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा वाटेत लोक अंगावर शेण-चिखल फेकायचे म्हणून सावित्रीबाई जादा साडी बरोबर नेत, असं सांगतात. नातीला मी ते शिवता शिवता सांगितलं. तिला नेमून दिलेलं भाषण होतं, ‘माझा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला’ वगैरे. ते ती विसरेल, पण पिशवीतून साडी काढून दाखवायची विसरणार नाही.

झोपायच्या आधी सगळं अंगावर चढवून बघा. उकिडवं बसवा, हात वर करायला लावा, जिना चढायला लावा, आणि एकदा एकटीला बाथरूमला पाठवा.

परत देताना चुण्या उसवा, पांढरे दोरे चिमटीनं वेचून काढा, उलट्या बाजूनं हलकी इस्त्री फिरवा. आपलं इलॅस्टिक आणि टिचबटणं काढून घ्यायची तर घ्या. काष्ट्याचं ठिगळ तेवढं राहू द्या. दुकानदार बहुतेक विचारणार नाही, आणि विचारलंच तर शिलाई मागा.