शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, या चुका टाळा

शनिवारी रात्री भांडी आवरून झाली की धडा उघडायचा. रविवारी घरातल्यांचा चहा-नाश्ता उरकून धावत चर्च गाठायचं. तिथे बालवाडीतल्या पोरांपासून आठवीतल्या मुलींपर्यंत वीस-बावीस जण एकाच सतरंजीवर बसलेले असतात आणि त्यांच्यासमोर आपण एकटे. नाशिकमधल्या कितीतरी मंडळ्यांत शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा बायबलवर्ग, अशीच चालते. मी चौदा वर्षं हे काम करते आहे. माझ्या आणि माझ्या सोबतच्या शिक्षकांच्या हातून झालेल्या चुका आठवल्या, की बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते: शिक्षक एकटा होता.

मुलं ऐकत नाहीत, तेव्हा आधी घड्याळ बघा

वर्गात गोंगाट सुरू झाला की आपण आवाज चढवतो. पाच मिनिटं शांतता, मग पुन्हा तेच. अशा वेळी मुलांच्या स्वभावाकडे बोट दाखवण्याआधी तीन गोष्टी तपासा. ती काही खाऊन आली आहेत का? वर्गात येण्याआधी ती मोठ्यांच्या उपासनेत किती वेळ बसली होती? गोष्ट सांगायला तुम्ही किती वेळ घेतलात?

आमच्याकडे बरीच मुलं नुसत्या दुधावर येत. एका ताईंनी केळी आणि राजगिऱ्याचे लाडू आणायला सुरुवात केली आणि अर्धा गोंधळ तिथेच थांबला. (शेंगदाण्याची चिक्की वाटण्याआधी कुणाला त्रास होतो का, हे पालकांना जरूर विचारा.) गोष्ट सात-आठ मिनिटांत संपवा. उरलेल्या वेळात ती मुलांकडून करून घ्या. आणि वर्गात दुसरं मोठं माणूस हवंच, अगदी शिकवता न येणारं असलं तरी. एखादी आजी मागे बसली आणि चुळबुळणाऱ्या पोराच्या पाठीवर तिने हात ठेवला, की तुम्हाला धडा अर्ध्यावर थांबवावा लागत नाही.

सगळ्यांसमोर वाचायला लावू नका

ही माझी स्वतःची चूक आहे आणि तिचं मला आजही वाईट वाटतं. वर्गात पाळीपाळीने बायबलमधली एकेक ओवी वाचायची पद्धत होती. इंग्रजी शाळेत जाणारा सहावीतला एक मुलगा जोडाक्षरांवर अडखळला, बाकीची मुलं हसली. मी ‘हसू नका’ म्हटलं आणि त्यालाच पुढे वाचायला लावलं. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. त्याच्या घरी जायला मी दीड महिना लावला. तोवर त्याला सकाळच्या क्रिकेटची सवय लागली होती.

आपली मुलं घरात मराठी बोलतात, पण त्यातली अनेक जण ती सराईतपणे वाचत नाहीत. त्यात आपल्या पवित्र शास्त्राची भाषा जुनी. ‘वल्हांडण’, ‘जकातदार’, ‘निवासमंडप’ हे शब्द मोठ्यांनाही सोडवून सांगावे लागतात. म्हणून आता वचन मी वाचते, मुलं ऐकतात, मग आपल्या शब्दांत सांगतात. ज्याला वाचायचं असेल तो आपणहून हात वर करतो. पाठांतराचं वचन चालीवर बसवलं तर वाचता न येणाराही ते घरी गुणगुणत जातो.

समजावताना मुलांनी पाहिलेलं जग वापरा. दिवाळीनंतर सिन्नरकडे जाताना शेतात उतरलेले धनगरांचे वाडे आमच्या मुलांनी पाहिलेले असतात. शंभरातल्या एका हरवलेल्या मेंढराची गोष्ट मी तिथून सुरू करते. रात्री मेंढरं मोजताना एक कमी भरलं तर धनगर काय करेल? एका मुलीने विचारलं, ‘टीचर, बाकीच्यांजवळ कुत्रा होता ना?’ त्या दिवशी धड्याचा मुद्दा मागे राहिला आणि नव्व्याण्णव मेंढरांचं काय झालं यावर वीस मिनिटं चर्चा झाली. मी ती थांबवली नाही. धडा ‘पुरा’ करण्याची घाई ही वेगळी चूक आहे, आणि ती फार जणांकडून होते.

हजेरीचं बक्षीस

वर्षभर एकही रविवार न चुकवणाऱ्याला बक्षीस देण्याची प्रथा जुनी आहे, हेतूही चांगला आहे. पण ते बक्षीस कुणाला मिळतं ते एकदा वही काढून पाहा. ज्यांच्या घरी गाडी आहे आणि दोन्ही पालक रविवारी मोकळे आहेत, त्यांच्याच मुलांना. सातपूर-अंबडच्या कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्या बापाचं पोर, आईला रविवारीही धुण्याभांड्याची कामं असलेली मुलगी, आजी आणेल तेव्हाच येणारा नातू यांना ते कधीच मिळणार नाही. त्यात त्यांचा काहीही दोष नाही.

आम्ही ते बक्षीस बंद केलं. हजेरीची वही मात्र ठेवली, तिचा उपयोग बदलला. कुणी दोन रविवार आलं नाही, तर त्या आठवड्यात फोन जातो. तिसऱ्या रविवारनंतर कुणीतरी घरी जातं. रागवायला नाही, नुसतं ‘तुझी आठवण आली’ सांगायला. हे काम दोघा-तिघांत वाटून घ्या. एका माणसाकडून ते होत नाही.

बंद दार

इथे मी ठामपणे लिहिते. एका मोठ्या माणसाने एका मुलासोबत बंद खोलीत थांबू नये. माणूस कितीही भला असो, वर्षानुवर्षं ओळखीचा असो, नियम तोच. दार उघडं ठेवा, दोन मोठी माणसं हवीत, लहानग्यांना शौचालयात कोण नेणार हे आधी ठरवा, वर्ग सुटल्यावर मूल कुणाच्या हाती द्यायचं तेही ठरवा. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका.

मुलाने काही सांगितलं, तर ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून कमिटीच्या बैठकीत ‘आपसात’ मिटवणं हा त्या मुलावर दुसरा अन्याय आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. हा आकडा वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, मुलांनाही वाचता आला पाहिजे.

नाताळ

नाटकात दरवर्षी मरीया आणि योसेफ त्याच दोघांना करू नका. एवढंच.

दमल्यावर गुपचूप निघून जाणं

शिक्षक सहसा भांडून सोडत नाहीत. आधी एखादा रविवार चुकतो, मग ‘घरी पाहुणे आहेत’, मग एक दिवस नाव यादीतून गळतं. बायबलमधल्या मोशेलासुद्धा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करत बसलेलं पाहून त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, सांगितलं होतं की हे तुला झेपणार नाही, माणसं निवड आणि काम वाटून दे (निर्गम १८). संदेष्टा एलीया मरण मागत झाडाखाली झोपला, तेव्हा त्याला आधी भाकर आणि पाणी मिळालं, प्रश्न नंतर (१ राजे १९).

या सगळ्यातून काही निष्पन्न होतंय का, असं मनात येतंच. मला असं झालं की मी नाशिकचं शरणपूर आठवते. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथल्या मिशनच्या वस्तीत शिकत होती. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत गेला. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन तिथे वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथेच पुरताना दफनाची प्रार्थना त्याने वाचली. पार्थिवाबरोबर तो इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीबरोबर चालला. नाशिकला त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

सुट्टी लागत असेल तर मागा, लेखी मागा. मी गेल्या वर्षी पाळकसाहेबांना पाठवलेला निरोप इथे देते, हवा तर तसाच वापरा: ‘साहेब, जून ते ऑगस्ट मला विश्रांती हवी आहे. वर्ग दोघी जणी मिळून घेतील, हजेरीची वही त्यांच्याकडे दिली आहे. खिडकीजवळ बसणारा मुलगा सहा महिन्यांनी परत येऊ लागला आहे. त्याला वाचायला सांगू नये, एवढं त्यांना आठवणीने सांगा.’