बीडीएस करून न्यू जर्सीत डेंटल असिस्टंट होताय? आधी सीडीए (सर्टिफाइड डेंटल असिस्टंट) काय ते समजून घ्या

एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी मुळे मिळणाऱ्या व्हिसावर आलेल्या, नुकतंच ईएडी (कामाचा परवाना) हातात पडलेल्या आपल्या बीडीएस मुली मला हेच विचारतात, असिस्टंटच व्हायचंय तर सर्टिफिकेशनवर पैसे कशाला घालायचे? घाला गं, पण योग्य जागी घाला. माझे चुकीच्या जागी गेले.

आल्या आल्या मी दर शनिवारचा दहा आठवड्यांचा कोर्स केला, शेवटी छान जाड कागदाचं सर्टिफिकेट मिळालं आणि मला वाटलं झालं, आता आपण सर्टिफाइड. इंटरव्ह्यूला ऑफिस मॅनेजरने विचारलं, सीडीए आहेस? मी तो कागद पुढे केला. तिने वाचला आणि टेबलावरून परत माझ्याकडे सरकवला. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

आपण दोन्हीला सर्टिफिकेटच म्हणतो ना, घोळ तिथेच होतो. कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे तुम्ही कोर्स केलात, बस. सीडीए म्हणजे डेंटल असिस्टिंग नॅशनल बोर्डाच्या तीन परीक्षा: रेडिएशन, इन्फेक्शन कंट्रोल आणि चेअरसाइड (खुर्चीशी बसून डॉक्टरला मदत करणं). क्लासवाला कितीही फी घेऊ दे, सीडीए तो देऊच शकत नाही. वर एका सीनियरने सांगितलं 3,500 तास काम झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, म्हणून मी थांबले. ती अट नुसत्या अनुभवावर येणाऱ्यांना आहे, परदेशातली डेंटल डिग्री असलेल्यांना वेगळा मार्ग आहे! व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सीनियर मनाने चांगल्या असतात पण नियम बोर्डाच्या साइटवरच वाचा, प्लीज.

फायदा? इथे रजिस्टर्ड डेंटल असिस्टंट व्हायला सीडीए लागतंच, मग राज्याची एक परीक्षा, आणि त्यानंतर नुसतं सक्शन धरण्यापलीकडची कामं मिळतात. एक्स-रेचं लायसन्स वेगळं असतं, त्यालाही हीच रेडिएशनची परीक्षा लागते. पुढे ॲडव्हान्स्ड स्टँडिंगला (परदेशी डेंटिस्टना इथली डिग्री देणारा कोर्स) अर्ज करताना इथल्या क्लिनिकचा अनुभव दाखवता येतो.

चेअरसाइडला मात्र बीडीएसच्या भरवशावर जाऊ नका. आपल्याला डॉक्टरची बाजू पाठ असते, इथे पेशंटचं तोंड घड्याळाच्या मध्यावर आणि डोकं बारावर धरलं तर दोन ते चारच्या आकड्यांच्या जागी बसून, डॉक्टरने मान न वळवता हात पुढे केला की त्यात बरोबर इन्स्ट्रुमेंट द्यायचं असतं. मला जमायला महिना लागला. जमतं, घाबरू नका.

आणि सीपीआर प्रत्यक्ष पुतळ्यावर हाताने करून घेतलेलंच लागतं, फक्त ऑनलाइन केलेलं चालत नाही, ते सीडीएच्या अर्जाआधीच उरकून ठेवा.