जुनं इंजिन उतरवण्याआधी

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं असेल, तर नवं इंजिन सगळ्या सामानासकट जमिनीवर येऊन पडेपर्यंत जुन्याचा एकही बोल्ट सोडायचा नाही, हा पहिला नियम. सगळं सामान म्हणजे फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर, अल्टरनेटर, फाउंडेशनचे (इंजिन चासीला धरून ठेवणारे) ब्रॅकेट, दोन्ही मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा आणि धूर बाहेर काढणारा) आणि इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर न कापलेलं वायरिंग, कंट्रोल युनिट आणि त्याची चावीसुद्धा. नुसतं हाफ इंजिन घ्यायचा मोह होतो, पण उरलेलं एकेक करून गोळा करताना वर्ष निघून जातं आणि गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी राहून गंजते. शक्य असेल तर इंजिन ज्या गाडीत आहे त्या गाडीतच सुरू करून बघा. थंड असताना सुरू होतं का, गरम झाल्यावर तेलाचा दाब किती राहतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, हे तेव्हाच कळतं.

कागदपत्रांचं कामही याच आठवड्यात उरका. गाडीची नोंदणी जिथे आहे तिथे इंजिन बदलायला परवानगी मिळते का, कोणत्या अटींवर मिळते आणि विमा कंपनीचं काय म्हणणं आहे, ते लेखी घ्या. इंजिन क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. परवानगी मिळणारच नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

आता हिशोब. ‘बसेल का?’ हा प्रश्न सगळे विचारतात आणि बहुतेक वेळा बसतं. मागच्या भागांना पेलेल का, हे कुणी विचारत नाही. लँडरोव्हर सीरिज थ्रीचं उदाहरण घेऊ. तिचं मूळ २.२५ लिटरचं पेट्रोल इंजिन सुमारे १६० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याची ताकद) देतं. त्या जागी अनेकजण २.५ लिटरचं २०० टीडीआय डिझेल बसवतात, ते सुमारे २५५ देतं. लो रेंज (हळू पण जास्त ताकदीची गिअरची जोडी), पहिला गिअर आणि ४.७ चा डिफरन्शियल (ॲक्सलमधला गिअरचा गोळा; चाकाच्या एका फेऱ्याला त्याच्याकडे येणारा शाफ्ट ४.७ फेरे घेतो) मिळून हा टॉर्क साधारण चाळीस पट होतो. म्हणजे ॲक्सलवर जिथे ६४०० पोचत होते तिथे आता १०,२०० पोचणार. पुढच्या चाकांची पकड सुटली की हा भार जवळजवळ सगळा मागे जातो आणि जुन्या हाफ शाफ्टचे (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यांचे) दात तिथे माना टाकतात. मजबूत हाफ शाफ्ट यादीत आधी लिहा, किंवा क्लच हळू सोडायची सवय लावून घ्या. मी दोन्ही सुचवेन.

दुसरा हिशोब वेगाचा. टायरचा घेर अडीच मीटर धरला तर ताशी ९० किमीला चाक मिनिटाला ६०० फेरे घेतं. टॉप गिअर आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागचा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) दोन्ही सरळ एकास एक धरले आणि डिफरन्शियल ४.७ असेल तर इंजिन २८२० आरपीएमवर ओरडत असतं, ३.५४ चा डिफरन्शियल घातला तर २१२४ वर येतं. रस्त्यावर हे सुखाचं, पण लो रेंजही तेवढीच उंच होते आणि खडकावरून मुंगीच्या पावलांनी उतरायचं असेल तेव्हा ब्रेकवर पाय ठेवावा लागतो. गाडी खरंच चिखल-दगडात जाणार असेल तर मी जुना डिफरन्शियल ठेवून ओव्हरड्राइव्ह (इंजिनचे फेरे कमी करणारा जास्तीचा गिअर) शोधेन. आणि बदललाच, तर स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते हे विसरू नका: काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ८० च्या आसपास असेल.

मोजमापात सगळ्यात जास्त फसवतो तो इंजिनच्या तळाचा तेलाचा चेंबर. पुढे अखंड ॲक्सल असलेल्या गाडीत खड्ड्यात स्प्रिंग दबली की डिफरन्शियलचा गोळा वर येतो आणि चेंबरची खोल बाजू नेमकी तिथे असेल तर टक्कर ठरलेली. पुठ्ठ्याचं इंजिन बनवा, चेंबरच्या जागी खेळण्यातल्या मातीचा जाड गोळा चिकटवा आणि बंप स्टॉपपर्यंत (ॲक्सलला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) ॲक्सल वर उचला. गोळा कापून उरलेली जाडी पट्टीने मोजा. दोन बोटांपेक्षा कमी राहिली तर चेंबर बदलावा लागेल. त्याबरोबर तेल ओढणारी नळीही बदलते, नाहीतर चढावर इंजिन तेलावाचून फिरेल. २०० टीडीआय घेताना ते कोणत्या गाडीतून निघालंय हेही विचारा. डिस्कव्हरीच्या इंजिनात टर्बो खाली असतो, तो चासीला अडतो. डिफेंडरचा वर असतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या घरचे असतील तर मधे अडॅप्टर प्लेट लागते. इथे घरगुती जुगाड चालत नाही. क्रँक (इंजिनचा फिरणारा दांडा) आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट यांची मध्यरेषा पाच सहस्रांश इंचाच्या, म्हणजे ०.१३ मिमीच्या आत जुळायला हवी. डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) मागून आणा, पण मोजा. शाफ्टचं टोक पायलट बुशमध्ये (क्रँकच्या टोकातल्या छोट्या बुशमध्ये) पुरेसं शिरतं का, हेही पाहा. ते हवेत राहिलं तर गिअरबॉक्स सहा महिन्यांत गुणगुणू लागतो. फाउंडेशन वेल्ड करण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचे) कोन बघा: गिअरबॉक्सचं आउटपुट आणि डिफरन्शियलचं तोंड एकमेकांना समांतर हवं, पण जॉइंटला थोडा कोनही हवा, नाहीतर त्याच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी घासतात.

उष्णता वाढणार. लो रेंजमध्ये वाऱ्याचा उपयोग नसतो, सगळी भिस्त पंख्यावर आणि त्याच्याभोवतीच्या कव्हरवर असते. नवं इंजिन उंच असेल तर त्याचं हेड रेडिएटरच्या वर जातं आणि हवा तिथेच अडकते, मग सगळ्यात वरच्या जागी हवा काढायचा स्क्रू किंवा टाकी द्या. पेट्रोल गाडीत डिझेल आणत असाल तर टाकी धुणं, उरलेलं डिझेल टाकीत नेणारी परतीची नळी आणि ब्रेक बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप ही कामं वाढतात, कारण डिझेल इंजिन स्वतः व्हॅक्यूम देत नाही. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन येत असेल तर जुने रबरी पाइप फेका, तिथे आता तीन बारच्या आसपास दाब असणार. आणि ब्रेक? जास्त वेगाने पळणारी गाडी जुन्या ड्रमवर थांबवायची असेल, तर ते काम आधी करा, इंजिन नंतर.

उतरवायच्या दिवशी जमीन सपाट आणि पक्की हवी, गाडी जॅकवर नव्हे तर घोड्यांवर हवी, बॅटरी सोडलेली हवी आणि मदतीला एक माणूस हवा. इंजिन क्रेनचा हात पूर्ण लांबवला की तिची क्षमता बऱ्याचदा चौथाईवर येते, म्हणून हात ज्या भोकात अडकवलाय त्या भोकासमोरचा पाटीवरचा आकडा वाचा. कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका, गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. वायरवर मी एकदा कागदी टेपने नावं लिहिली होती. ग्रीसने शाई खाल्ली आणि दोन रविवार वायरी हुंगत बसलो. आता धातूच्या चकत्या बांधतो.

पहिल्या स्टार्टआधी इंधन तोडून, तेलाचा दिवा विझेपर्यंत नुसतं स्टार्टरवर फिरवा, मधेमधे स्टार्टरला थंड होऊ देत. अग्निशामक हाताशी, घरातले लांब. आणि जुनं इंजिन लगेच विकू नका. त्याचे ब्रॅकेट, बोल्ट, एक्झॉस्टचा तुकडा, सगळं एका खोक्यात घालून वर तारीख लिहा. निदान एक पावसाळा नवं इंजिन चिखलात फिरू दे.