ऊस आणि पाण्यावर निबंध लिहिताय? संदर्भांच्या या चुका टाळा

‘महाराष्ट्रातला ऊस राज्याचं ७० टक्के पाणी पितो.’ ऊस या विषयावरच्या निबंधात हे वाक्य सहज येतं आणि खाली संदर्भ असतो एखाद्या बातमीचा. ‘कुठलं पाणी?’ असं परीक्षकांनी विचारलं की पंचाईत होते.

कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या ऊसदरावरच्या अहवालात हा आकडा आहे. तिथे म्हटलंय की एकूण पीकक्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस राज्यातलं सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो. सांगोवांगी फिरताना ‘सिंचनाचं’ गळून पडलं आणि नळाचं, कारखान्यांचं पाणीही हिशेबात आलं. समोरच्या बाजूला तुमचा मुद्दा खोडायला एवढं पुरतं.

म्हणून बातमीत ‘एका अहवालानुसार’ दिसलं की तिथे थांबू नका. संस्थेचं नाव, विषय आणि ‘पीडीएफ’ टाकून शोधा. फाइल मिळाली की कंट्रोल-एफ दाबून आकडा गाठा, मागचा-पुढचा परिच्छेद वाचा आणि पान क्रमांक लगेच टिपून ठेवा. नंतर तो सापडत नाही. मूळ अहवाल मिळालाच नाही, तर बातमीचाच संदर्भ देऊन ‘अमुक बातमीत उद्धृत’ असं लिहा. न वाचलेला अहवाल सूचीत घुसडणं ही सरळ लबाडी आहे, आणि तोंडी परीक्षेत ती दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते.

चॅटबॉटकडून संदर्भ मागत असाल तर जास्तच सावध राहा. लेखक, जर्नल, वर्ष सगळं झकास जुळवलेलं असतं, फक्त तो लेख कधी कुणी लिहिलेलाच नसतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी असेच बनावट निवाडे न्यायालयात दाखल केले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. प्रत्येक शीर्षक गूगल स्कॉलरवर तपासा. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, दिला असेल तर तोही उघडा. कधी क्रमांक खरा असतो, पण निघतो भलताच लेख.

वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं साहित्य वापरावं का? जरूर. ठिबकवरच्या उसाबद्दल तिथे भरपूर माहिती मिळेल. पण ही साखर कारखानदारीतूनच उभी राहिलेली संस्था आहे, हे लक्षात ठेवून तिच्या शेजारी बाहेरचा एखादा अभ्यास ठेवा. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांमधल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचे पीएच.डी. प्रबंध इथे कामी येतात. प्रबंध आख्खा वाचायला वेळ नसेल, तर निदान त्याची संदर्भसूची चाळा. पुढची वाट तिथून सापडते.

‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी निघते, त्यामुळे नुसतं नाव पुरत नाही, वर्ष हवंच. सरकारी संकेतस्थळांच्या लिंक मात्र बेभरवशाच्या असतात. फाइल उतरवून ठेवा आणि पाहिल्याची तारीख लिंकपुढे लिहा.